रोटरी टूलचा स्पिंडल करताना या चुका टाळा

ड्रेमेलसारखे रोटरी टूल हातात धरून घासण्या-कोरण्यासाठी घडवलेले असते. तेच छोट्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रावर) स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा भाग, म्हणून बसवले की त्याच्या चिमुकल्या बेअरिंगवर सतत आडवा दाब येऊ लागतो, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात.

टूलची कंबर एकाच थ्रीडी प्रिंट केलेल्या कड्यात आवळून काम भागवण्याची प्रथा सर्वांत महाग पडते. एंड मिल (बाजूनेही कापणारा कटर) जॉबला, म्हणजे कापायच्या वस्तूला, टेकताच टूलचे नाक (कटरकडचे टोक) मागे झुकते आणि गोल भोक लांबट येते. शिवाय प्रिंटचे पीएलए प्लास्टिक साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडत असल्याने मोटारीच्या उष्णतेने पकड हळूहळू सैल होते. टूल नाकाजवळ आणि वर मोटारीपाशी असे दोन ठिकाणी धरावे, मात्र हवेची भोके मोकळी ठेवावीत. दोष पकडीत आहे की बेअरिंगमध्ये, हे ओळखण्यासाठी प्लग काढून 0.01 मिमीचे डायल गेज आधी टूलच्या नाकावर आणि मग कटरच्या दांड्यावर टेकवावे व दोन्ही वेळा कटर बोटाने बाजूला रेटावा. नाकही हलले तर पकड सुधारावी. नाक स्थिर राहून फक्त दांडा हलला तर बेअरिंग किंवा कॉलेट (कटरचा दांडा आवळून धरणारी बाही) तपासावे.

3.2 मिमीच्या कॉलेटमध्ये 3 मिमीचा दांडा कितीही आवळला तरी विश्वासाचा नसतो. कटर कापता कापता खाली सरकतो आणि खाच शेवटाकडे खोल होत जाते. तीन जबड्यांचा चक ड्रिलपुरता ठीक, मिलिंगला नको.

अ‍ॅक्रिलिक वितळून कटरला चिकटले की नवशिके फीड (कटर पुढे सरकवण्याचा वेग) आणखी कमी करतात, जे नेमके उलटे आहे. 30,000 आरपीएमवर दोन धारांचा कटर मिनिटाला 100 मिमीने चालवला, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला 0.002 मिमीहून कमी माल येतो. ते कापणे नव्हे, घासणे झाले. एका धारेचा कटर, 12,000 आरपीएम आणि मिनिटाला 240 मिमी फीड घेतल्यास हाच हिशेब 0.02 मिमीवर येतो. कटची खोली मात्र अर्ध्या मिमीपासून सुरू करावी. आरपीएम याहून फार खाली नेऊ नये, कारण मोटारीचा पंखाही त्याच वेगाने फिरतो आणि ती तापते.

अ‍ॅल्युमिनियमवर रॉकेल टाकण्याची वर्कशॉपमधली सवय इथे धोक्याची आहे, कारण मोटारीच्या कार्बन ब्रशजवळ (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांजवळ) ठिणग्या उडतात.

याच ठिणग्यांमुळे होणारा विद्युत गोंगाट आणखी एक कोडे घालतो: टूल सुरू होताच यूएसबी जोडणी तुटते किंवा लिमिट स्विच (यंत्र हालचालीच्या टोकाला पोचल्याचे सांगणारा स्विच) विनाकारण लागतो. अशा वेळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकत बसण्याऐवजी टूलची वायर स्विचच्या वायरींपासून दूर न्यावी, यूएसबी केबलला फेराइट (गोंगाट शोषणारे चुंबकीय कडे) लावावे, स्विचसाठी शिल्डेड (धातूच्या आवरणाची) वायर वापरावी आणि झिजलेले कार्बन ब्रश बदलावेत.