कॅनडाचा पीआर: दार कसं निवडायचं आणि फाइल कशी बांधायची

कागद गोळा करायला लागण्याआधी एका वहीत चार तारखा लिहून ठेवा: तुमची जन्मतारीख, थोरल्या मुलाची जन्मतारीख, पासपोर्ट संपण्याची तारीख आणि सध्याच्या नोकरीवर रुजू झाल्याची तारीख. पुढचे बरेचसे निर्णय या चार तारखांवरून ठरतात. पात्र असलेल्या माणसाची फाइलसुद्धा परत येते, आणि पुष्कळदा कारण एवढंच असतं की एखाद्या कागदाची मुदत संपलेली असते किंवा दोन कागदांवरच्या तारखा जुळत नाहीत.

कॅनडाच्या कायमस्वरूपी वास्तव्याला, म्हणजे पीआरला, तीन मोठी दारं आहेत: कौशल्य, कुटुंब आणि व्यवसाय. क्युबेकने १९९१ च्या करारानुसार कामगारांची निवड स्वतःकडे ठेवली आहे. त्यामुळे खालचं बहुतेक सगळं क्युबेक सोडून बाकीच्या देशाला लागू आहे, असं समजा.

नोकरी आणि कौशल्य

एक्स्प्रेस एन्ट्री २०१५ मध्ये सुरू झाली. तो व्हिसा नाही, ती एक रांग आहे. रांगेत उभं राहण्यासाठी आधी तीनपैकी एका योजनेत बसावं लागतं: फेडरल स्किल्ड वर्कर, कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास किंवा फेडरल स्किल्ड ट्रेड्स. कॅनडाबाहेरून अर्ज करणारे बहुधा पहिल्या योजनेत येतात. तिथे गेल्या दहा वर्षांत सलग एक वर्षाचा पगारी, कुशल कामाचा अनुभव, भाषेच्या चारही अंगांत किमान सीएलबी ७ (सीएलबी म्हणजे भाषेची पातळी मोजण्याची कॅनडाची पट्टी) आणि १०० पैकी ६७ गुण लागतात.

इथेच पहिला गोंधळ होतो. ६७ गुण झाले म्हणजे आमंत्रण आलं, असं नाही. ६७ हे फक्त रांगेत शिरण्यापुरते. आमंत्रण कोणाला जाणार, हे १,२०० पैकी मोजल्या जाणाऱ्या सीआरएस स्कोअरवर, म्हणजे रांगेतला क्रम लावणाऱ्या गुणांवर, ठरतं आणि त्याचा हिशेब पूर्ण वेगळा आहे.

सीआरएसमध्ये सर्वात जास्त हलवता येणारा आकडा भाषेचा. एकट्या अर्जदाराला सीएलबी ८ वर प्रत्येक अंगाला २३ गुण मिळतात, सीएलबी ९ वर ३१. चारही अंगांत एक पायरी चढलात की ३२ गुण वाढले. पण खरी उडी त्यापुढे आहे. पदव्युत्तर पदवी आणि परदेशातला तीन वर्षांचा अनुभव असेल, तर चारही अंगांत सीएलबी ९ होताच शिक्षण-भाषा या जोडीचे गुण २५ वरून ५० होतात आणि अनुभव-भाषा या जोडीचेही तसेच. म्हणजे एकूण ८२ गुणांचा फरक. आयईएलटीएसमध्ये सीएलबी ९ म्हणजे ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं यांत प्रत्येकी ७. तीन अंगांत उत्तम बँड आणि लेखनात मात्र ६.५ अशी स्थिती असेल, तर जोडीचे ते ५० वाढीव गुण मिळत नाहीत, कारण तिथे सर्वात कमी बँड धरला जातो. म्हणून दुसरी पदवी घ्यायच्या विचारात असाल, तर आधी लेखनाची तयारी करून परीक्षा पुन्हा द्या. खर्च आणि वेळ दोन्ही कमी लागतात.

परीक्षा निवडताना नाव नीट वाचा. आयईएलटीएसची जनरल ट्रेनिंग चालते, अ‍ॅकॅडमिक चालत नाही. पीटीईची कोअर चालते, अ‍ॅकॅडमिक नाही. सेल्पिपची जनरल चालते. निकाल दोन वर्षं टिकतो, आणि तो रांगेत शिरण्याचं प्रोफाइल भरताना आणि अंतिम अर्ज पाठवताना, दोन्ही दिवशी जिवंत असावा लागतो.

पदवीसाठी ईसीए, म्हणजे परदेशी पदवीच्या मूल्यांकनाचा अहवाल, लागतो. तो अहवाल इमिग्रेशनसाठीचाच मागवा. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी काढलेलं मूल्यांकन इथे उपयोगी नाही. तो पाच वर्षं चालतो, पण विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका निघायलाच वेळ जातो, तेव्हा सुरुवात इथून करा.

वयाचे पूर्ण गुण २० ते २९ या वर्षांत मिळतात. तिशीपासून दर वर्षी पाच-सहा कमी होतात. चाळिशीनंतर एकट्या अर्जदाराचे दर वाढदिवसाला ११ गुण जातात आणि ४५ व्या वर्षी शून्य उरतो. नवरा-बायको दोघंही पात्र असतील, तर मुख्य अर्जदार कोण हे घरातल्या सवयीने ठरवू नका. दोन्ही बाजूंनी गणित मांडा. ज्याचं वय कमी आणि इंग्रजी पक्कं, त्याच्या नावाने अनेकदा स्कोअर चांगलाच वर जातो.

नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले आहेत. "ऑफर लेटर घ्या, गुण वाढतील" असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर तो माणूस जुनी गोष्ट विकतो आहे. शिवाय नोकरीच्या बदल्यात कामगाराकडून पैसे घेणं तिथे बेकायदा आहे.

स्कोअर अडकला असेल तर दोन वाटा आहेत. पहिली फ्रेंचची. २०२३ पासून ठरावीक गटांसाठी वेगळे ड्रॉ, म्हणजे आमंत्रणांच्या फेऱ्या, निघतात. फ्रेंचच्या चारही अंगांत सातवी पातळी गाठणाऱ्यांचा ड्रॉ सर्वसाधारण ड्रॉपेक्षा बऱ्याच खालच्या स्कोअरवर निघत आला आहे. शून्यातून तिथवर यायला चिकाटी लागते, पण हे पूर्णपणे तुमच्या हातातलं आहे. दुसरी वाट प्रांताच्या नामांकनाची. एक्स्प्रेस एन्ट्रीशी जोडलेलं नामांकन मिळालं की थेट ६०० गुण. मात्र त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा असावा लागतो.

अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांसाठी अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅम आहे. तिथे सीआरएसची शर्यत नाही. मान्यताप्राप्त मालकाची नोकरी, प्रांताची शिफारस, बहुतेक अर्जदारांसाठी गेल्या पाच वर्षांतले १,५६० तास काम आणि कुशल पदासाठी सीएलबी ५ एवढं पाहतात. मध्यम इंग्रजी असलेल्या अनुभवी कामगाराने हा पर्याय आधी तपासावा.

कॅनडात आधीच काम करत असाल, तर कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लाससाठी गेल्या तीन वर्षांतला एक वर्षाचा अनुभव पुरतो. वर्ष म्हणजे आठवड्याला ३० तासांप्रमाणे १,५६० तास. आठवड्याला ६० तास राबून ते सहा महिन्यांत पुरे होत नाहीत, कारण ३० च्या वरचे तास धरतच नाहीत. पूर्णवेळ शिकताना केलेलं काम आणि स्वयंरोजगारही इथे मोजत नाहीत.

आमंत्रणानंतरचे ६० दिवस

आमंत्रण आलं की पूर्ण अर्जासाठी ६० दिवस मिळतात. खरी तयारी त्याआधीच झालेली असली पाहिजे.

सर्वात जास्त घोळ अनुभवाच्या पत्रात होतो. नुसतं रुजू झाल्याचं किंवा सोडल्याचं पत्र पुरत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर पद, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार, प्रत्यक्ष कामाची यादी आणि सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, संपर्क हे सगळं हवं. कामं कॅनडाच्या एनओसी कोडशी जुळली पाहिजेत. इथे एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला नव्हे, व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण. पदाचं नाव सारखं आहे म्हणून कोड निवडू नका, कामं वाचून निवडा. आणि त्या यादीतली वाक्यं जशीच्या तशी पत्रात उतरवू नका, अधिकाऱ्याच्या ती लगेच लक्षात येतात. एचआर पत्र देत नसेल, तर वरिष्ठाचं शपथपत्र, पगाराच्या स्लिपा, करविवरण आणि नेमणूकपत्र जोडून कारण लेखी सांगा.

पैशांचा पुरावा कुटुंबाच्या आकारावर ठरतो, आणि सोबत न येणारी बायको-मुलंही त्यात मोजतात. एका माणसासाठी २०२५ चा आकडा १५,२६३ कॅनेडियन डॉलर होता. तो दर वर्षी बदलतो. बँकेच्या पत्रात खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि थकीत कर्ज यायला हवं. उसने आणलेले पैसे आणि घराची किंमत धरत नाहीत. महिन्याभरापूर्वी अचानक मोठी रक्कम जमा झाली असेल, तर ती कुठून आली याचा कागद जोडा.

पोलीस दाखला १८ व्या वर्षानंतर, गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येक देशाचा लागतो. सध्या राहता त्या देशाचा दाखला अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुना नको. आखातात किंवा इतरत्र काम केलं असेल, तर तो दाखला मागवायला ६० दिवस अपुरे पडू शकतात. तो आधीच काढा.

ऑगस्ट २०२५ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत वैद्यकीय तपासणीही अर्जाआधीच करावी लागते, आणि ती मान्यताप्राप्त पॅनेल डॉक्टरकडेच.

मराठीतला जन्मदाखला किंवा विवाह नोंदणीचा दाखला असेल, तर भाषांतर स्वतः किंवा नातेवाइकाने केलेलं चालत नाही, मग तो नातेवाईक व्यवसायाने अनुवादक का असेना. भाषांतर, मूळ कागदाची प्रत आणि प्रमाणित अनुवादक नसेल तर शपथपत्र, असा संच करा.

दहा वर्षांच्या इतिहासात एकही महिना रिकामा सोडू नका. बेकार होतात तर बेकार लिहा. बेकारीने अर्ज नाकारला जात नाही. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर मात्र पाच वर्षांची बंदी येते.

कुटुंब

नागरिक किंवा पीआर असलेली व्यक्ती जोडीदाराला, २२ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना आणि आईवडील-आजीआजोबांना स्पॉन्सर करू शकते. मुलाचं वय साधारणपणे पूर्ण अर्ज पोहोचतो त्या दिवशी गोठतं. २१ वर्षं ११ महिने झाले असताना सही विसरल्यामुळे फाइल परत आली, तर तो मुलगा कायमचा बाहेर राहू शकतो. अशा घरात बाकी सगळं सोडून आधी ही फाइल पुरी करा.

पीआर असलेल्या व्यक्तीने स्पॉन्सर करताना कॅनडातच राहत असलं पाहिजे. नागरिकाला बाहेरून करता येतं, पण परतण्याची योजना दाखवावी लागते. जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते, मात्र तीन वर्षं आर्थिक जबाबदारीचं वचन द्यावं लागतं. आईवडिलांसाठी ते वीस वर्षांचं असतं आणि तीन करवर्षांचं उत्पन्नही तपासतात. त्यासाठी आमंत्रण यावं लागतं. तोवर सुपर व्हिसा, म्हणजे आईवडील-आजीआजोबांसाठीचा भेटीचा व्हिसा, घेता येतो. त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो पीआर नाही.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. स्वतःच्या पीआरच्या अर्जात बायको, नवरा किंवा मूल यांचं नाव लपवलं, त्यांची तपासणी झाली नाही, तर पुढे त्यांना कुटुंब वर्गातून आणणं जवळजवळ अशक्य होतं. घटस्फोट चालू असो, मूल दुसऱ्या पालकाकडे असो, नाव लिहा. अर्ज चालू असताना लग्न झालं किंवा बाळ झालं, तर त्याच आठवड्यात कळवा.

व्यवसाय

पैसे गुंतवा आणि पीआर घ्या, ही फेडरल योजना २०१४ मध्येच बंद झाली. आता बहुतेक वाट प्रांतांच्या उद्योजक योजनांतून जाते. क्रम असा: इच्छा नोंदवणारा प्राथमिक अर्ज, आमंत्रण, करार, आधी वर्क परमिट, प्रत्यक्ष धंदा आणि मग नामांकन. ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्य योजनेत किमान ६,००,००० डॉलर निव्वळ मालमत्ता, २,००,००० डॉलर गुंतवणूक आणि स्थानिकासाठी एक नोकरी मागतात. पैसा कसा कमावला याचा माग दाखवता येणं रकमेइतकंच महत्त्वाचं. रोखीच्या व्यवहारांवर उभा असलेला, हिशेब न ठेवलेला धंदा इथे अडतो. करारातली गुंतवणूक किंवा नोकरी पुरी झाली नाही, तर नामांकन मिळत नाही, आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात.

मदतनीस घ्यायचा असेल, तर पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडातले परवानाधारक वकील व पॅरालीगल, क्युबेकचे नोटरी आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या कॅनडातल्या नियामक संस्थेचे परवानाधारक यांनाच आहे. परवाना क्रमांक त्यांच्या सार्वजनिक यादीत स्वतः तपासा. अर्जात नाव टाकू नका म्हणणाऱ्याला फाइल देऊ नका.

पीआर मिळाल्यावर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, नागरिकत्वासाठी १,०९५. पहिल्या दिवसापासून येण्याजाण्याच्या तारखा त्याच वहीत लिहीत जा आणि बोर्डिंग पास जपून ठेवा.