मोटरहोममधून लहान मुलांसोबत प्रवास: धावत्या गाडीचे नियम वेगळे, उभ्या गाडीचे वेगळे

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. त्यात घर कुठे संपतं आणि गाडी कुठे सुरू होते, हे दोन-तीन वर्षांच्या मुलाला कसं कळावं? ज्या बाकावर उड्या मारण्यात सकाळ गेली, त्याच बाकावर आता पट्टे लावून बसायचं. दहा मिनिटांपूर्वी दाराशी उभं राहायला चालत होतं, आता तिकडे फिरकायचंही नाही. मोठ्यांची गतही फारशी वेगळी नसते. समोर शेगडी, फ्रीज, अंथरूण दिसत असलं की गाडी ताशी ८० किलोमीटरनं धावतेय हे डोक्यातून निसटतं आणि ‘एवढी बाटली भरून देते’ म्हणत कुणीतरी उठतं. म्हणून नियमांचे दोन संच ठेवा, चाकं फिरत असतानाचे आणि गाडी उभी असतानाचे. दोहोंच्या मधली पाच-दहा मिनिटं, म्हणजे निघणं आणि पोचणं, सगळ्यात जास्त जपा.

बसायची जागा

गाडीच्या माहितीत ‘सहा जण झोपू शकतात’ हे मोठ्या अक्षरात असतं. तुम्हाला हवा तो आकडा वेगळा: धावत्या गाडीत बसण्यासाठी मान्यता असलेल्या जागा किती? सहा बर्थच्या गाडीत चारच पट्टे असणं अगदी नेहमीचं आहे. गाडी भाड्यानं घेणार असाल तर पैसे भरण्याआधी मुलांची वयं आणि वजनं सांगा, आणि चाइल्ड सीट जिथे बसवायची त्या जागेचे फोटो मागवा.

गाडी हातात आली की आधी जागेची दिशा बघा. चाइल्ड सीट पुढे तोंड असलेल्या आसनावरच बसवायची. भिंतीला टेकलेल्या आडव्या सोफ्यावर ती कधीच नाही, कारण धडकेत शरीर बाजूला फेकलं जातं आणि पट्टा त्यासाठी बनवलेलाच नसतो. टेबलाच्या पलीकडचं, मागे तोंड असलेलं बाकही बाद. बहुतेक चाइल्ड सीटच्या पुस्तिकांमध्ये तशी स्पष्ट मनाई असते.

दुसरी तपासणी पट्ट्याच्या मुळाची, आणि ही फारसं कुणी करत नाही. बाकावरची गादी उचला, खालच्या कप्प्याचं झाकण काढा आणि टॉर्च मारून पट्टा कुठे जातो ते शेवटपर्यंत बघत जा. तो पोलादी चौकटीला बोल्टनं जखडलेला हवा, आणि ती चौकट लादीतून आरपार गाडीच्या सांगाड्याला. बोल्ट नुसत्या प्लायवुडमधून जाऊन खाली एखाद्या वॉशरवर थांबला असेल, तर तो पट्टा दिसायला पट्टा आहे एवढंच. चौकट चांगली असूनही बाकाची बैठक पातळ प्लायची असेल, तर धडकेत ती खचते, सीट पुढे कलंडते आणि घट्ट बांधलेला पट्टा ढिला पडतो.

आधारपाय, म्हणजे सीटपासून खाली लादीवर टेकणारा दांडा, असलेली चाइल्ड सीट वापरत असाल तर त्या पायाखाली लादी भरीव आहे ना, हे ठोकून बघा. खाली सामानाचा कप्पा आणि त्यावर नुसतं झाकण असेल तर पाय त्यावर टेकवू नका. आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट थेट गाडीच्या आसनाला जखडायचे) हुक आणि वरचा टेदर, म्हणजे सीटचा माथा मागे ओढून धरणारा पट्टा, अडकवायची कडी मोटरहोमच्या मागच्या आसनांना बऱ्याचदा नसते. पुस्तिकेत टेदर सक्तीचा असेल आणि कडी नसेल, तर ती सीट त्या जागेसाठी नाही. जवळच्या कपाटाच्या कडीत अडकवून भागवायचं नसतं.

हे सगळं जुळत नसेल तर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे चालकाशेजारचं आसन. पण बाळाची सीट मागे तोंड करून असेल तर तिथली एअरबॅग बंद केलेलीच हवी. ती बंद करता येत नसेल तर बाळ तिथे बसणार नाही. दुसरा मार्ग, सोबत एक साधी कार घ्यायची आणि मुलांनी तिच्यातून यायचं. ऐकायला गैरसोयीचं वाटतं, पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत हाच खरा उपाय असतो. मागे ओढायच्या कॅरॅव्हॅनमध्ये तर ती चालू असताना कुणीही बसायचं नाही, झोपलेलं मूलसुद्धा नाही.

पट्टा नीट कसा लावायचा

बाळाला मागे तोंड करून बसवणं सगळ्यात सुरक्षित. चाइल्ड सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ नियमात किमान १५ महिन्यांपर्यंत हे बंधनकारक आहे, पण तिथे थांबायचं कारण नाही. सीटवर लिहिलेली उंची-वजनाची मर्यादा गाठेपर्यंत तसंच बसवा. पाय दुमडले जातात म्हणून आईवडील घाई करतात. पाय दुमडल्यानं काही होत नाही, मान मात्र कोवळी असते.

सीट बसवल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. २.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. मोटरहोमच्या बाकांवरच्या गाद्या जाड आणि मऊ असल्यामुळे पट्टा सुरुवातीला घट्ट वाटतो आणि तासाभरात गादी दबून सैल होतो. पहिल्या थांब्यावर हे पुन्हा बघाच. मुलाला बसवल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत उभा पकडून बघा. चिमटीत घडी आली तर अजून ओढायचा आहे. जाड जाकीट घालून मुलाला बांधू नका. धडकेत जाकीट चेपतं आणि तेवढी पोकळी पट्ट्याखाली तयार होते. पट्टे आधी, जाकीट किंवा पांघरूण वरून.

बूस्टरला, म्हणजे जरा मोठ्या मुलाला गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून उंच करणाऱ्या बैठकीला, तीन ठिकाणी अडकणारा, खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर चालत नाही, कारण धडकेत मूल त्यावरून दुमडतं आणि पोटाला, कण्याला इजा होते. कमरेचा भाग मांड्यांच्या वरच्या टोकावर यावा, पोटावर नाही. साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत बूस्टर काढायची घाई नको.

मांडीवर घ्यायचा मोह होईल. गणित एवढंच आहे: ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर आतल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. १० किलोचं बाळ त्या क्षणी २०० किलोचं होतं. हेच २ किलोच्या भांड्यालाही लागू आहे. म्हणून वरच्या कपाटांत कपडे, पांघरुणं. भांडी, डबे, पाण्याच्या बाटल्या खालच्या कप्प्यात, तेही कडीच्या आत. टेबल काढून ठेवा. जड वस्तू मुलाच्या मागे ठेवू नका.

रडारड झाली, दूध हवं झालं, डायपर बदलायचा झाला, तर गाडी थांबवायची. वेळापत्रकात दर दोन तासांनी थांबा धरूनच ठेवा. तान्ह्या बाळानं सलग दोन तासांपेक्षा जास्त वेळ कार सीटमध्ये राहू नये, आणि गाडी उभी राहिल्यावर त्याला त्यातच झोपू देऊ नये. अर्धवट बसलेल्या अवस्थेत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते.

गाडी लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना जास्त होतो. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या आसनावर हेलकावे मोठे बसतात, म्हणून पर्याय असेल तर पुढची जागा द्या आणि मोबाइल-टॅबलेट बाजूला ठेवा.

निघताना आणि पोचल्यावर

क्रम ठरलेला असावा आणि तो बदलू नये. गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, फ्रीज बॅटरीवर. फिरवलेली पुढची आसनं परत सरळ करून लॉक. खिडक्या, छताची झडप, कपाटं बंद. मग मुलं आत, पट्टे लावलेली. मग बाहेरून एक पूर्ण फेरी: पायरी आत गेली का, वीज-पाण्याची जोडणी काढली का, चाकांचे अडसर उचलले का. सगळ्यात शेवटी इंजिन.

मुलं आधी आणि फेरी नंतर, हा क्रम मुद्दाम आहे. एवढ्या उंच आणि लांब गाडीच्या मागे लहान मूल उभं असेल तर आरशात ते दिसतच नाही, आणि कॅमेऱ्यालाही कडेचे कोपरे दिसत नाहीत. पोचल्यावर उलट. गाडी मागे घेऊन जागेवर लावेपर्यंत मुलं पट्ट्यातच. मागे उभं राहून खुणा करणाऱ्याच्या जवळ कुठलंही मूल नको. तो माणूस दिसेनासा झाला की चालकानं ब्रेक दाबायचा. वळताना मागच्या चाकांच्याही मागे गेलेला शेपटाचा भाग उलट बाजूला झाडूसारखा फिरतो, हे कारची सवय असलेले चालक विसरतात.

गॅस, धूर आणि न दिसणारा वायू

तीन अलार्म हवेत, आणि ते वेगवेगळ्या उंचीवर. धुराचा छताला. एलपीजीचा लादीजवळ, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ, उत्पादकानं सांगितलेल्या उंचीवर. प्रत्येक सहलीआधी बटण दाबून तपासा आणि पाठीमागे छापलेली मुदत बघा. ही उपकरणं काही वर्षांत निकामी होतात, नुसता सेल बदलून भागत नाही.

लादीत किंवा सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला भोकं असतात. गळलेला गॅस खाली निघून जावा म्हणून ती असतात. मुलांसाठी अंथरलेली चटई किंवा खेळण्यांची पिशवी नेमकी त्यांच्यावर येते. वारा येतो म्हणून ती बुजवणारे लोकही असतात, त्यांच्या नादी लागू नका.

शेगडी, जनरेटर यांच्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. मुलं मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात, म्हणून त्यांना त्याचा फटका आधी बसतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही मोठ्यांची लक्षणं. तान्हं बाळ मात्र फक्त किरकिरं, सुस्त होतं, दूध घेत नाही. गाडीतल्या दोघातिघांना एकाच वेळी मळमळू लागलं तर जेवणावर शंका घेण्याआधी सगळ्यांना बाहेर काढा आणि मदत बोलवा. शेगडी पेटवून गाडी ऊबदार करायची नाही. जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही, आणि शेजारच्या गाडीचा जनरेटर तुमच्या खिडकीकडे तोंड करून असेल तर जागा बदला.

आगीची तालीम पहिल्याच संध्याकाळी करा. गाडीच्या आतलं लाकूड, फोम आणि प्लॅस्टिक भराभर पेटतं. कोणत्या खिडकीतून बाहेर पडायचं, तिची कडी कशी उघडते, कुणी कुठलं मूल उचलायचं हे ठरवा. खिडकीची कड जमिनीपासून मीटरभर तरी उंच असते, म्हणून एका मोठ्यानं आधी उतरायचं आणि दुसऱ्यानं मुलं त्याच्या हातात द्यायची.

उभ्या गाडीतलं घर

गाडी समतल लावणं ही चैन नव्हे. पाणसळ लादीवर आडवी-उभी ठेवून बघा, गरज असेल तिथे चाकाखाली रॅम्प घ्या. उतारावरच्या गाडीत तान्हं बाळ झोपेत घरंगळत एका कडेला जातं. त्याला प्रवासी पाळण्यात, सपाट आणि टणक गादीवर, पाठीवर झोपवा. उशी आणि गुबगुबीत पांघरूण नको. वरचा बर्थ ६ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. त्याहून मोठ्यांसाठीही कठडा किंवा दोन्ही टोकांना ताणून बांधलेली जाळी हवी आणि शिडी रात्री जागेवरच राहावी.

खिडकीची डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. जाळी दिसते म्हणून खिडकी बंद आहे असं मुलाला वाटतं आणि ते रेलतं. बाकाच्या उंचीला येणाऱ्या खिडक्या थोड्याच उघडा.

शेगडीवरचं काचेचं झाकण बर्नर पूर्ण थंड झाल्याशिवाय खाली टाकू नका. गरम बर्नरवर काच तडकून तिचे शेकडो तुकडे होतात, आणि शेगडी बाकाला खेटूनच असते. गीझरचं पाणी बऱ्याचदा ६० अंशांच्या पुढे जातं. तेवढ्या पाण्यानं काही सेकंदांत खोल भाजतं. आधी थंड नळ, मग गरम मिसळत जा, आणि कोपरानं बघून मगच मुलाला पाण्यात घ्या. भाजलंच तर २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. गाडीच्या बाहेर, बऱ्याचदा मुलाच्या छातीच्या उंचीवर, हीटरच्या धुराचं तोंड असतं. तेही तापतं.

शौचालयात टाकायचा निळा द्रव सरबतासारखा दिसतो. मूळ डब्यातच, कुलपात. किल्लीच्या रिमोटमधले, दिव्यांच्या रिमोटमधले बटण सेल त्याहून घातक. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होते, त्यामुळे शंका आली तरी उलटी करवायला न बसता थेट रुग्णालय गाठायचं. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल तर चिकटपट्टी गुंडाळा.

उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत १० अंशांनी तापू शकते. एसी चालू आहे म्हणून झोपलेल्या मुलाला आत ठेवून बाहेर बसू नका. जागेवरचा वीजपुरवठा ट्रिप झाला तर एसी गुपचूप बंद पडतो आणि बाहेर बसलेल्यांना कळत नाही. बाहेरून आणलेली वीजेची केबल रिळावरून पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली केबल तापून वितळते.

शेकोटी असेल तर रात्रीच पाणी ओतून, काठीनं ढवळून, पुन्हा पाणी ओता. राख वरून पांढरी आणि गार दिसते, पण आतले निखारे सकाळपर्यंत धगधगत असतात, आणि सकाळी सगळ्यात आधी अनवाणी बाहेर पळतं ते मूलच.