शेत-वावर नसलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा

पूर्वजांचा शोध म्हटला की लोक आधी जुना सातबारा काढायला धावतात. पण पणजोबा दुसऱ्याच्या वावरात सालदार (सालभराच्या करारावरचे गडी) असतील, तर त्यांचं नाव तिथे येणार कुठून? विदर्भात अशा माणसासाठी मुख्य कागद म्हणजे कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू त्यात चढत, मग घरी जमीन असो वा नसो.

तरी पहिली उचकायची ती घरचीच फाईल. भावकीत कुणी जात वैधतेचं प्रकरण टाकलं असेल तर अर्धं काम झालेलं असतं. ओबीसींना १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. त्यामुळे आजोबांचा शाळेतला दाखल-खारीज (प्रवेश आणि शाळा सोडल्याच्या नोंदीचा) उतारा बहुधा तिथे मिळतो. सोबतची वंशावळ अर्जदारानेच लिहिलेली असते. तिच्यातली नावं घ्या, पण तिला पुरावा मानू नका.

उताऱ्यावर जन्मतारीख १ जुलै दिसली, तर ती गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असण्याचीच शक्यता जास्त. मागची-पुढची चार-पाच वर्षं धरून चला. घरच्या म्हाताऱ्यांना साल विचारू नका, आजोबा मानमोडीच्या आधीचे की नंतरचे ते विचारा. ती इन्फ्लुएंझाची साथ १९१८ ची.

मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाच्या नकलेचा अर्ज करा. जुना जिल्हा ठाऊक हवा: गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात होता, वाशीम १९९८ पर्यंत अकोल्यात, गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात.

नोंद वाचताना खरी कसोटी लागते. आडनाव अनेकदा नसतंच. ‘सखाराम वल्द गणू’ (म्हणजे गणूचा मुलगा सखाराम) एवढ्यावर भागवलेलं असतं. जन्माच्या रकान्यात बाळाचं नावही नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, कारण बारसं व्हायचं असे. म्हणून बापाचं नाव, जात आणि गाव, तिन्ही जुळली तरच नोंद आपली म्हणा. आणि गावच्या बुकात आजोबा सापडले नाहीत तर लगेच हात टेकू नका. पहिलं बाळंतपण माहेरी होत असे, तेव्हा पणजीच्या माहेरचं बुक पाहा. तिची स्वतःची जन्मनोंदही तिथेच, तिच्या वडिलांच्या नावाखाली असेल. बायकांचा माग लागत नाही ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. बहुतेक जण सासरच्या गावातच शोधत बसतात.

पणजोबा जमीन कसत असतील तर दोन वाटा आहेत. नागपूरकडे १९५१ पर्यंत मालगुजारी (गावाचा सारा मालगुजार जमीनदारामार्फत भरण्याची पद्धत) होती, तिथे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीवरच्या हक्कांची नोंद) मागा. कुळांची नावं त्यात मिळू शकतात. वऱ्हाडात रयतेच्या नावाने जुनी जमाबंदी (साऱ्याची नोंद) आहे, पण फार मागे गेलात तर मोडी वाचणारा गाठावा लागेल.

नक्कल प्रमाणितच घ्या आणि तिच्या पाठीवर बुकाचं साल व पान क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या अर्जाला तोच आकडा लागतो.