अपडेटचं बटण दाबण्याआधी: लिनक्सवर विंडोजचे गेम खेळणाऱ्यांसाठी तयारीची यादी

शनिवारी रात्री ९ वाजता चौघांनी ऑनलाइन भेटायचं ठरलं असेल, तर शनिवारी दुपारी सिस्टिम अपडेट करू नका. यादीतली पहिली गोष्ट हीच. अपडेटसाठी वेगळा दिवस धरा, हातात दोन तास मोकळे असतील असा. रविवारची सकाळ बरी. आपल्याकडे बऱ्याच शहरांत गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते, तो दिवस टाळा. कर्नल (सिस्टिमचा गाभा) बसत असताना मधेच लाईट गेली तर गेम राहिला बाजूला, कदाचित मशीनच सुरू होणार नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर आभाळाकडे एकदा बघून घ्या. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा किती उरलाय तेही बघा. ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर, कर्नल आणि विंडोजचे गेम चालवणारा प्रोटॉन एकदम आले की दीड जीबी सहज संपतो.

आता एक वही काढा, किंवा साधी टेक्स्ट फाईल उघडा. आज सगळं नीट चालतंय ना, मग आजच लिहून ठेवा: कर्नल कुठला, ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती कुठली, आवडत्या प्रत्येक गेमला प्रोटॉन कुठला लावलाय, लाँच ऑप्शनमध्ये (गेम सुरू करतानाच्या खास सूचनांत) काय टाकलंय. पाच मिनिटांचं काम आहे. बिघाड झाल्यावर ‘आधी काय होतं’ हे आठवत बसण्यात मात्र अख्खी रात्र जाते.

ही नोंद का लागते ते समजून घ्या. विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो तो एकावर एक रचलेल्या थरांवर. वाईन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. तो विंडोजच्या हाका लिनक्सला समजतील अशा करून देतो. त्यावर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणला. प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके विंडोजच्या जुन्या डायरेक्ट३डी या ग्राफिक्सच्या भाषेचं भाषांतर लिनक्सला समजणाऱ्या व्हल्कनमध्ये करतं, व्हीकेडी३डी-प्रोटॉन हेच काम डायरेक्ट३डी १२ साठी करतं. खाली ग्राफिक्स ड्रायव्हर, सी लायब्ररी, कर्नल. वर गेम स्वतः, त्याचा लाँचर आणि असलं तर अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्रॅम. यातला कुठलाही थर हलला की गेम पडू शकतो, आणि पडद्यावर दिसतं एवढंच की ‘प्ले’ दाबलं, बटण क्षणभर ‘स्टॉप’ झालं आणि पुन्हा ‘प्ले’ झालं.

ऑगस्ट २०२२ मध्ये ग्लिबसी २.३६, म्हणजे वरच्या सी लायब्ररीची नवी आवृत्ती, आली, तेव्हा हेच झालं. लायब्ररीतल्या फंक्शनांची नावं शोधायला एक जुन्या पद्धतीचा तक्ता असतो. नवी पद्धत कधीच रूढ झाली होती, म्हणून या आवृत्तीच्या बिल्डमधून जुना तक्ता वगळला गेला. पण ईझी अँटी-चीटला तोच जुना तक्ता लागत होता. गेम बदलला नव्हता, प्रोटॉन बदलला नव्हता, तरी ते अँटी-चीट वापरणारे गेम रोलिंग डिस्ट्रोवर, म्हणजे सतत नवी पॅकेजं घेणाऱ्या लिनक्सवर, सुरू होईनात. पुढे डिस्ट्रोंनी तो तक्ता आपल्या पॅकेजमध्ये परत घातला. त्या दिवसांत किती जणांनी गेम पुसून पन्नास-साठ जीबी पुन्हा उतरवले असतील! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून वही.

पुढची गोष्ट सेव्ह गेमची, आणि इथे मी जरा थांबणार आहे. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजसारखा एक वेगळा संसार मांडतो, त्याला प्रीफिक्स म्हणतात. स्टीमच्या फोल्डरात स्टीमअ‍ॅप्स, त्यात कॉम्पॅटडेटा, त्यात गेमचा नंबर, त्यात पीएफएक्स, मग ड्राइव्ह सी, यूजर्स, स्टीमयूजर. तिथल्या डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा अ‍ॅपडेटा या फोल्डरांत तुमचे शेकडो तास पडलेले असतात. काही गेम क्लाउडवर सेव्ह ठेवतात, सगळे नाही. स्टीमबाहेर घेतलेल्या आणि ल्युट्रिस या प्रोग्रॅमने बसवलेल्या जुन्या गेमांचं तर सगळं त्या प्रीफिक्समध्येच असतं.

माझ्या भाच्याचा असाच एक जुना गेम होता. अपडेटनंतर वाईन त्याचा ३२-बिट प्रीफिक्स उघडायला तयार होईना. फोनवर मीच त्याला म्हणालो, ‘तो फोल्डर उडव, नवीन आपोआप बनेल.’ नवीन बनला, गेमही चालला. मग तो हळूच म्हणाला, ‘मामा, कंटिन्यूचं बटण येत नाहीये.’ दोन वर्षांचा खेळ त्या फोल्डरात होता आणि कॉपी कुठेच नव्हती. तो काही बोलला नाही, पण तो गेम त्याने पुन्हा उघडला नाही. तेव्हापासून प्रीफिक्स मी कधीही पुसत नाही. नाव बदलून बाजूला ठेवतो, नव्यात सेव्ह हलवतो, महिनाभर खेळून बघतो, मगच जुना काढतो. तुम्हीही अपडेटच्या आधी कॉम्पॅटडेटातले आपल्या जीवाचे दोन-चार फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. कॉपी केल्यावर ती उघडून बघा, सेव्हची फाईल आत आहे का आणि तिची तारीख कालची आहे का.

मग प्रोटॉन पक्का करा. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन ठरावीक आवृत्ती निवडता येते. प्रोटॉन एक्सपेरिमेंटल (चाचणीची आवृत्ती) सतत बदलत असतो. नवा गेम त्याशिवाय चालतच नसेल तर ठीक, पण चालत्या गेमला क्रमांकाची स्थिर आवृत्ती लावा. ग्लोरियस एगरोल या डेव्हलपरची जीई-प्रोटॉन ही आवृत्ती वापरत असाल तर नवी उतरवताना जुनीचा फोल्डर ठेवून द्या. नव्या प्रोटॉनने उघडलेला प्रीफिक्स जुन्या प्रोटॉनला दरवेळी मानवतोच असं नाही, म्हणून पुढे जाण्याआधी कॉपी. गेमच्या अपडेट सेटिंगमध्ये ‘सुरू करताना अपडेट कर’ हा पर्याय निवडलात तर निदान रात्रीतून नकळत काही बदलणार नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हर. एएमडी आणि इंटेलवाल्यांना मेसा हा ड्रायव्हर डिस्ट्रोबरोबर येतो, त्यांनी आवृत्ती टिपून पुढे जावं. एनव्हिडियावाल्यांनी मात्र सावकाश घ्या. फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज-भांडारातला ड्रायव्हर असेल तर कर्नल अपडेट झाल्या झाल्या रीबूट करू नका. मागे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा भाग) तयार होत असतं, त्याला काही मिनिटं लागतात. टर्मिनल रिकामा दिसतो म्हणून काम संपलं असं नाही. मॉडइन्फो या कमांडने एनव्हिडियाची आवृत्ती विचारा, आकडा आला की मगच रीबूट. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही करणारी किल्ली नोंदवलेली आहे ना, तेही बघा. आणि स्टीम फ्लॅटपॅकचं (सिस्टिमपासून वेगळं बांधलेलं पॅकेज) असेल तर त्याच्या आत ड्रायव्हरची वेगळी प्रत असते. बाहेरचा ड्रायव्हर पुढे गेला आणि आतली प्रत मागे राहिली की गेम सुरूच होत नाही किंवा रखडत चालतो. सिस्टिम अपडेटनंतर लगेच फ्लॅटपॅकही अपडेट करा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड कार्ड घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. जीटीएक्स ६६०, ७६० ही एनव्हिडियाची जुन्या केप्लर पिढीची कार्डं ४७० मालिकेच्या ड्रायव्हरवर थांबली आणि तो ड्रायव्हर व्हल्कन १.२ पर्यंतच जातो. नोव्हेंबर २०२२ मधल्या डीएक्सव्हीके २.० ला १.३ लागतं, प्रोटॉन ८ लाही. या कार्डांवर प्रोटॉन ७ लावून ठेवा, पुढचा लावायला जाऊ नका. जीटीएक्स १०६०, १०७० म्हणजे पास्कल पिढी. त्यांच्यासाठी ५८० ही शेवटची मालिका. रोलिंग डिस्ट्रोवर असाल तर अपडेट ५९० कडे ढकलतंय का ते यादीत वाचा आणि ५८० चं वेगळं पॅकेज आधी बसवा. नुसतं होल्डवर ठेवून भागणार नाही. ड्रायव्हर अडवला आणि कर्नल पुढे गेला की दोघांची फारकत होते आणि काळा पडदा येतो.

स्नॅपशॉट घ्या, म्हणजे सिस्टिमची आजची स्थिती जपून ठेवा. उबुंटू, मिंटवर टाईमशिफ्ट हा प्रोग्रॅम वापरा, टम्बलवीडवर स्नॅपर आधीच असतो. एवढंच ध्यानात ठेवा की टाईमशिफ्ट सहसा होम फोल्डर घेत नाही, म्हणजे सेव्ह गेम त्यात नाहीत. वरची कॉपी त्यासाठीच. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत जुना कर्नल दिसतो का ते बिघाडाच्या आधी एकदा पाहून घ्या.

एका गोष्टीला मात्र कुठलीच तयारी पुरत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही दोन्ही अँटी-चीट प्रोटॉनवर चालतील असं जाहीर झालं, पण ते चालू करायचं की नाही हे गेमवाल्यांच्या हातात राहिलं. मे २०२४ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सला व्हॅनगार्ड हे अँटी-चीट आलं आणि वाईनवर खेळणारे बाहेर पडले. सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय लागलं. कथेचा भाग चालतो, ऑनलाइन बंद. ३१ ऑक्टोबर २०२४ ला एपेक्स लेजेंड्सने लिनक्सचं दार लावून घेतलं. वर्षानुवर्षं इमानाने खेळणाऱ्यांना एका सकाळी आत येऊ न देणं मला आजही पटत नाही. स्टीमवर पैसे परत मिळतात ते खरेदीपासून १४ दिवस आणि २ तासांपेक्षा कमी खेळ असेल तर. इतक्या उशिरा त्याचा उपयोग नाही. म्हणून ऑनलाइन गेम घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर ताज्या तारखेचे अनुभव वाचा, जुने नकोत. मित्रांचा अड्डाच अशा गेमवर असेल तर विंडोजचं पार्टिशन ठेवा. तेही ठेवलंत तर लाईव्ह यूएसबी (थेट लिनक्स सुरू करणारा पेनड्राइव्ह) जवळ असू द्या, कारण ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर कित्येकांचं शेजारचं लिनक्सच बूट होईना.

अपडेट बंदच करून टाका असं मी सांगणार नाही. त्याच मशीनवर तुमची बँक उघडते, ब्राउझर आणि सुरक्षेचे पॅच वेळच्या वेळी घ्यायलाच हवेत. फक्त सिस्टिम, प्रोटॉन आणि गेमची सेटिंग्ज एकाच दिवशी हलवू नका. आज सिस्टिम. रीबूट करा आणि आधी ऑफलाइन गेम लावा. शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) नव्याने बनत असतात, पहिली दहा मिनिटं अडखळला तर घाबरू नका. मग ऑनलाइनचा लावून बघा. प्रोटॉनला दोन-चार दिवसांनी हात लावा.

नाहीच चाललं तर आधी जुन्या कर्नलने बूट करून बघा. तरीही नाही, तर पॅकेज मॅनेजरचा इतिहास उघडा आणि काल काय बदललं ते वहीशी ताडून बघा. लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉनचा लॉग चालू केला की होम फोल्डरात गेमच्या नंबरची फाईल पडते, तिचा शेवट वाचा. प्रोटॉनच्या गिटहबवर (त्याचा कोड आणि तक्रारी असतात त्या साइटवर) बहुतेक गेमांसाठी वेगळा धागा असतो. तिथे कार्ड, ड्रायव्हर, कर्नल, आधी चालणारी आवृत्ती आणि आताची आवृत्ती एवढं लिहून लॉग जोडा. आणि दुरुस्ती येईपर्यंत तो स्नॅपशॉट पुसू नका.