सपोर्ट पर्सनची वही

पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या केसमध्ये मुलाला तपासात आणि खटल्यात साथ द्यायला नेमलेली सपोर्ट पर्सन नेमकं करते काय, असं या कामात नव्याने येणारी मुलं विचारतात. मी त्यांना माझी वही देते चाळायला. तीत फोन नंबर, तारखा आणि 'अजून आलं नाही' असे शेरेच जास्त.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून आले तेव्हा वाटायचं, आपण ऐकून घेणारी माणसं. पहिल्याच केसमध्ये ते नडलं. मुलगी लहान होती. दोघीच बसलो होतो, तर मी मायेनं विचारलं, "काय झालं होतं गं?" तिने वर न बघताच विचारलं, "पहिल्यापासून सांगू?" घरी, शाळेत, पोलिसांना, डॉक्टरांना सांगून झालं होतं. पाठ केलेल्या धड्यासारखी ती सुरू झाली आणि तिला थांबवायलाही मला उशीरच झाला. आमच्या सीनियर ताई संध्याकाळी म्हणाल्या, "तुला कशाला हवंय ते? जबाब घेणं तुझं काम नाही. उद्या कोर्टात तिला विचारतील, हे तुला कोणी शिकवलं, तेव्हा तुझंच नाव येईल."

मुलाने आपणहून काही सांगितलं तर ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. बाकी बोलायचं ते कचेऱ्यांशी.

आणि त्या पुष्कळ असतात. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने आपली नेमणूक करते. खाणं, कपडे, प्रवास अशा तातडीच्या खर्चासाठी समिती शिफारस करू शकते. अंतरिम भरपाई मात्र विशेष न्यायालय देतं आणि पैसे येतात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. एकाने पाठवलेला कागद दुसऱ्याच्या टेबलावर पोचला का, हे विचारायला कोणीतरी लागतं. ते आपण. पोचल्याची सही घ्या, जावक क्रमांक वहीत लिहा.

पात्रता विचाराल तर समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकासातली पदव्युत्तर पदवी, नाहीतर पदवी आणि बालसंरक्षणासारख्या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव. कायदा २०१२ चा, नियम २०२० चे. दोन्ही स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

साक्षीच्या आधी मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणा. एका मुलाला एवढंच जाणून घ्यायचं होतं की 'तो' कुठे बसेल. साक्षीच्या वेळी आरोपी समोर दिसू नये ही न्यायालयाची जबाबदारी आहे, आणि आरोपीचा वकीलही थेट मुलाला प्रश्न विचारत नाही, न्यायाधीशांमार्फत विचारतो. हे सांगितल्यावर त्याने खुर्ची एकदा फिरवून पाहिली आणि पाणी मागितलं. सरकारी वकिलांना आदल्या दिवशी फोन करा. साक्ष होणारच नसेल तर मूल उगाच दिवसभर बाकड्यावर बसतं. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हावी, असं कायदा म्हणतो. तारखा पडायच्या त्या पडतातच.

दर महिन्याला समितीला अहवाल द्यावा लागतो. त्यात नवखे लोक केसबद्दल पानंच्या पानं लिहितात आणि शाळेबद्दल एक ओळ. मी आता उलट करते. दर तारखेला शाळा बुडते, आणि मुलाची ओळख उघड होऊ द्यायची नसल्याने वर्गात खरं कारण सांगता येत नाही. म्हणून रजेचा अर्ज पालकांबरोबर बसून मीच लिहून घेते. कारण एकच, 'घरगुती कामानिमित्त'. वहीच्या मागच्या पानावर त्याचा मसुदा आहे, उतरवून घ्या.