छोट्या गॅलरीत समूह प्रदर्शन कसं लावावं

काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात आठवड्याभराची तारीख मिळायची तर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. पाच-सहा चित्रकारांनी मिळून एखादा गाळा किंवा सोसायटीचा हॉल गॅलरी म्हणून चालवण्यामागे मुंबईत हे एक मोठं कारण असतं. अशा जागी पगारी माणूस नसतो, चित्रं टांगायलाही आपणच. टांगायच्या दिवशी जे घोळ उघडे पडतात त्यातले निम्मे आधीच्या पंधरवड्यात, माहिती नीट न मागवल्यामुळे झालेले असतात.

म्हणून सुरुवात फॉर्मपासून. प्रत्येकाकडून चित्राचं नाव, साल, माध्यम, किंमत, वजन आणि माप घ्या. माप *फ्रेमसकट*, आधी उंची मग रुंदी. हे ठळक लिहिलं नाही तर हमखास कॅनव्हासचं माप येतं आणि २४ इंचांचं चित्र प्रत्यक्षात ३० इंचांचं निघतं. मागे डी-रिंग (तार ओवायची इंग्रजी डी आकाराची कडी) आणि तार लावलेली आहे का, हेही विचारा. लोखंडी खिळ्याला सुतळी बांधून आलेली फ्रेम भिंतीवर चढवू नये. पावसाळ्यात सुतळी ओल धरते, कुजते आणि फ्रेम पडू शकते.

किती चित्रं घ्यायची हे भिंत ठरवते. समजा भिंत २० फूट, म्हणजे २४० इंच आहे आणि प्रत्येकी २४ इंच रुंदीची पाच चित्रं आहेत. चित्रांनी १२० इंच घेतले, उरले १२०. दोन्ही कडा धरून जागा सहा, म्हणजे प्रत्येक २० इंच. हे डोळ्याला बरं वाटतं. तीच भिंत आठ चित्रांना दिली तर उरतात ४८ इंच आणि मधल्या जागा पाच-सव्वापाच इंचांच्या होतात. मग प्रदर्शन फ्रेमवाल्याच्या दुकानासारखं दिसतं. सगळ्यांची मनं राखायला प्रत्येकाचं आणखी एक चित्र घुसवण्याचा मोह मंडळींना फार होतो. तो टाळायचा असेल तर आकडा फॉर्मवरच छापा: प्रत्येकी दोन, तिसरं राखीव.

उंचीचं गणित एकदा कळलं की भांडणं संपतात. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा आणि ही रेषा सगळ्या खोलीत एकच धरा. वरच्या कडा सरळ रेषेत आणायला गेलात तर लहान-मोठी चित्रं एकत्र विचित्र दिसतात. फ्रेमची उंची ३० इंच असेल तर निम्मी १५. आता फ्रेम उलटी करून, हूक जिथे येणार तिथे बोटाने तार वर ताणा आणि वरच्या कडेपासून बोटापर्यंत मोजा. समजा ३ इंच आलं. ५८ अधिक १५ वजा ३, म्हणजे हूक ७० इंचांवर. एका हुकावर टांगणार असाल तर एका बोटाने ताणा, दोन हुकांवर असेल तर दोन बोटांनी. दोन्हींत तार वेगवेगळी ताणली जाते आणि इंच-अर्ध्या इंचाचा फरक पडतो. दोन हूक बरे, पंख्याच्या वाऱ्याने चित्र तिरकं होत नाही.

जुन्या इमारतीची भिंत फसवी असते. वरचा गिलावा एखाद-दीड इंचाचा, भुसभुशीत, आत वीट. इथे नुसता खिळा ठोकला तर बशीएवढा पोपडा निघतो. ड्रिलला ६ मिलिमीटरचं बिट लावा, गिलाव्यापुरतं हॅमर (ड्रिलची ठोके मारायची सोय) बंद ठेवा, विटेला लागल्यावर चालू करा. गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा प्लग) विटेत बसली पाहिजे, म्हणून भोक किमान गिलाव्याची जाडी अधिक गिट्टीची लांबी एवढं खोल हवं. बिटावर तेवढ्या अंतरावर मास्किंग टेप गुंडाळा म्हणजे अंदाज चुकत नाही. भोकाखाली कागदाचा द्रोण करून चिकटवला की भुसा जमिनीवर सांडत नाही. गिट्टी घालण्याआधी भोकातली धूळ फुंकून काढायलाच हवी, नाहीतर गिट्टी आतच गरगर फिरते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली कधीही ड्रिल मारू नका, वायर तिथूनच गेलेली असते.

भोकं नकोत म्हणून चिकटपट्टीचे हूक वापरणारे असतात. डिस्टेंपरच्या भिंतीवर ते टिकत नाहीत, कारण पट्टी भिंतीला नव्हे, रंगाच्या पावडरीला चिकटते. हे चित्र पडतं तेही रात्री, कुलूप लावल्यावर.

जून ते सप्टेंबरमध्ये कागदावरची कामं बाहेरच्या भिंतीला लावू नका, ओल आधी तिथेच येते. जलरंग, छापचित्रं आणि फोटो यांच्यात आणि काचेत माउंटची (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट हवी. कागद काचेला टेकला की दमटपणाने चिकटतो आणि मग ओरखडा न पाडता सुटत नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळती राहते आणि बुरशी लांब राहते.

दिवा चित्रावर उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत पडावा. छत १० फुटांवर असेल तर स्पॉटलाइट भिंतीपासून तीन फूट. त्याहून जवळ आणलात तर फ्रेमची लांब सावली चित्रावर पडते, लांब नेलात तर काचेत बघणाऱ्याचं डोकं दिसतं. ३००० केल्विनचे (पिवळसर उबदार उजेडाचे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वरचे एलईडी घ्या. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळतात, पण सीआरआय खोक्यावर वाचून घ्या. स्वस्त दिव्यात लाल रंग विटकरी दिसतो आणि चित्रकार तुमच्यावर चिडतो. कागदाच्या कामाला ५० लक्स (चित्रावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरे, तैलरंग किंवा ॲक्रिलिकला २०० पर्यंत चालतं.

व्हिडिओचं काम असेल तर फाइल पेनड्राइव्हवर घेऊन *त्याच* टीव्हीवर आदल्या दिवशी तासभर चालवा. बरेच टीव्ही पेनड्राइव्हवरचा लूप तोडतात किंवा काही वेळाने आपोआप बंद होतात; ती सेटिंग आधी शोधून ठेवा.

ने-आणीसाठी आधी बटरपेपर, मग बबल रॅप, आणि फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवले तर मे महिन्यातल्या टेम्पोत ॲक्रिलिकवर त्यांचे गोल ठसे उठतात. चित्र हातात आलं की पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो काढा आणि चित्रकारासमोर कागदावर सही घ्या. परत देताना वाद झाला तर हेच कामी येतं.

उद्घाटन रविवारी दुपारी ठेवायचं असेल तर त्या दिवशीचा लोकलचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघा. कल्याणहून येणारा पाहुणा मध्येच अडकला की तो थेट घरी परततो. शनिवार संध्याकाळ सोयीची.

नावाच्या पट्ट्या ३ मिलिमीटर सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पुठ्ठ्यावर), चित्राच्या उजवीकडे, मराठी नावांचं शुद्धलेखन चित्रकाराकडून तपासूनच छापा. विकलेल्या कामाला लाल टिकली लावा, पण निम्मे पैसे हातात आल्यावर. उतरवण्याच्या दिवशी भोकांत लांबी (पुट्टी) भरा, वाळू द्या, पॉलिशपेपर मारा आणि भिंतीच्या रंगाचा उरलेला डबा नाव घालून जपून ठेवा. दुकानातून नव्याने आणलेली तीच छटा जुन्या भिंतीवर ठिगळासारखी दिसते.