दसऱ्याला हार घालायच्या आधी: डाउनहिल सायकलची तयारी

डाउनहिलची, म्हणजे डोंगरउतार सुसाट उतरायची, सायकल पाडव्याला घरी आली आणि अजून तिच्यावरून एक धड उतार उतरलेलो नाही, आधी उन्हाळा मग पाऊस मग गणपती, तर आता शेवटची तारीख ठरवलीय दसरा. त्या दिवशी घरातल्या सगळ्या गाड्यांबरोबर हिलाही झेंडूचा हार, आणि दिवाळीच्या सुट्टीत मनाली. पुण्याहून सेकंडहँड उचललेली फ्रेम आहे, अॅल्युमिनियम, साडेसत्तावीस इंची चाकं, मागे २०० मिमी ट्रॅव्हल (धक्क्याने चाक तेवढं वर जातं), पुढे मोटरसायकलसारखा डबल क्राउनचा फोर्क, त्यामुळे आमच्या वॉचमन काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं की ह्यात पेट्रोल कुठून टाकतात. बाकीचं सगळं आपल्याला जमवायचंय. डोंबिवलीहून मावसभाऊ दर शनिवारी येतो, चहा पितो, आणि प्रत्येक पार्टवर आपलं मत ठेवून जातो, तेव्हा ही यादी अर्धी माझी आणि अर्धी त्याच्याशी झालेल्या भांडणांची आहे.

सगळ्यात आधी पैसे न लागणारं काम, फ्रेम धुवून पुसून टॉर्च मारून बघणं. हेड ट्यूब म्हणजे हँडलखालची नळी, तिच्याजवळचे वेल्ड, तिथून पेडलकडे उतरणाऱ्या डाउन ट्यूबची खालची बाजू, मागच्या चाकाकडे जाणारा चेनस्टे जिथे पिव्हटला, म्हणजे सांध्याला, मिळतो तो भाग. अॅल्युमिनियमची चीर पेंटवरच्या केसासारखी दिसते, ओला कपडा फिरवायचा आणि मग नख, नख अडकलं की थांबा, तिथे स्टिकर लावून विकायला काढू नका, फ्रेम भंगारात द्या. माझी सुटली. मग शॉकचे, म्हणजे मागचा धक्का झेलणाऱ्या नळकांड्याचे, बोल्ट काढून मागचा त्रिकोण नुसता हाताने वरखाली करायचा. तो लोण्यासारखा फिरायला हवा, माझा खडीसाखर चावल्यासारखा फिरत होता. बेअरिंगचं सील सुईने उचललं तर आतून तपकिरी पाणी आलं, ग्रीसचा पत्ता नाही. मुंबईच्या पावसात उभ्या राहिलेल्या कुठल्याही फुल सस्पेन्शन सायकलची हीच गोष्ट, आणि पुण्याच्या माणसाने ती मला 'फक्त उन्हाळ्यात चालवलीय' म्हणून विकली होती, असो.

ह्या बेअरिंगसाठी परदेशातून किट मागवायची गरज नसते. बेअरिंगच्या सीलवर नंबर छापलेला असतो, माझ्या मेन पिव्हटला ६९०२ होता, म्हणजे आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिमी, तो कागदावर लिहून सरळ मशीद बंदरला उतरायचं आणि नागदेवी स्ट्रीट गाठायची. 'टू आरएस' म्हणून सांगायचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील, पत्र्याचं झाकण असलेलं घेऊ नका. दुकानदाराने विचारलं कुठल्या मोटरला लावताय, सायकलला म्हटल्यावर त्याने बेअरिंगकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघितलं. बसवताना हातोडी नाही, लांब बोल्ट, दोन वॉशर आणि मापाचं सॉकेट लावून हळूहळू दाबत न्यायचं, दाब कायम बाहेरच्या रिंगवर. बोल्टच्या आट्यांना अँटीसीझ, म्हणजे ते अडकू नयेत म्हणूनची पेस्ट, लावा, आम्ही भांडुपला, एका बाजूला डोंगर नि दुसऱ्या बाजूला खाडी, इथे स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये दोन पावसाळे राहिला की तो तिथलाच रहिवासी होतो.

आता मोठं भांडण, मागचा शॉक कॉइल की एअर, म्हणजे तारेच्या स्प्रिंगचा की हवेचा. भावाचं म्हणणं एअर शॉक घे, पंपाने दाब कमीजास्त करता येतो, वजन कमी, आणि दिसतो भारी. मला कॉइल हवा होता आणि फ्रेमबरोबर आलेलाही कॉइलच आहे. लांब उतारावर एअर शॉक तापतो आणि आतली हवा फुगून वागणं बदलतं, कॉइल पहिल्या मिनिटाला जसा तसाच शेवटच्या. तोटा एकच, स्प्रिंग तुमच्या वजनाची नसेल तर कितीही स्क्रू फिरवा काही होत नाही. माझ्या शॉकवर ४५० ची स्प्रिंग आली, म्हणजे एक इंच दाबायला ४५० पाउंड लागतात. भाऊ म्हणाला दादा चालेल रे, कडक असलेली बरी. म्हटलं थांब, आधी मोजू. शॉक २४१ मिमी लांब, त्यातला ७६ दबतो. पूर्ण हेल्मेट, पॅड, बॅग घालून हॉलमध्ये सायकलवर उभा राहिलो, एक कोपर भिंतीला, आणि बायकोने शिवणकामाच्या टेपने एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर घेतलं, तेही 'तुम्ही हलू नका हो' असं ओरडत. जवळजवळ २२३ आलं, म्हणजे १८ मिमी दबला, २३-२४ टक्के सॅग (नुसत्या वजनाने शॉक जेवढा दबतो तो). मला हवा ३० टक्के, म्हणजे २३ मिमी.

गणितही करून बघितलं कारण स्प्रिंग काही रस्त्यावर मिळत नाही की बदलून आणली. मी ७८, वरचं सामान ५, एकूण ८३ किलो, उतारावरच्या पोझिशनमध्ये त्यातलं साधारण ६५ टक्के मागच्या चाकावर धरतात, म्हणजे ५४ किलो. चाक २०० हलतं तेव्हा शॉक ७६ हलतो, गुणोत्तर २.६, म्हणजे शॉकवर १४० किलोच्या पुढे, पाउंडात ३१२ च्या आसपास. २३ मिमी म्हणजे ०.९ इंच, भागाकार केला की उत्तर ३४७. म्हणजे ३५० ची स्प्रिंग. भाऊ गप्प, मग म्हणाला ४०० घे, दिवाळीत फराळ आहे. खरं सांगायचं तर ह्या मुद्द्यात दम आहे पण मी ३५० च मागवलीय. फोर्क हवेचा आहे, त्याला २० टक्के सॅग, म्हणजे स्टँशनला, फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीला, केबल टाय बांधून २०० पैकी ४० मिमी येईपर्यंत पंप, आणि खालच्या लेगमधलं तेल बदलायचं, ते दर ५० तासांनी बदलायचं असतं आणि आधीच्या मालकाने बहुतेक ५० महिन्यांनीही बदललं नसणार.

ब्रेक. इथे काटकसर करायची नाही हे मी चूक करून शिकलो. माझ्या आधीच्या सायकलला डॉट फ्लुइडचे, म्हणजे गाडीतल्या ब्रेक ऑइलचे, ब्रेक होते, तीन पावसाळे ब्लीड केले नाहीत, म्हणजे तेल बदलून आतली हवा काढली नाही, आणि माळशेज घाट उतरताना लिव्हर अचानक मऊ होऊन हँडलबारला टेकली. पुढे एसटी, डावीकडे कठडा, पायाने थांबवली. डॉट फ्लुइड हवेतलं पाणी पितं, आणि मुंबईत प्यायला पाणीच पाणी. डॉट ५.१ कोरं असताना कमीत कमी २६० अंशांना उकळतं, पाणी शिरलं की हिशेब १८० पर्यंत खाली येतो, आणि एकदा ते उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून ह्या वेळी मिनरल ऑइलचे चार पिस्टनवाले घेतले. ते पाणी पीत नाही, पेंट खात नाही. पण पाणी आत गेलंच तर ते विरघळत नाही, खाली कॅलिपरमध्ये जाऊन बसतं, त्यामुळे ब्लीड ह्यालाही वर्षातून एकदा करायचंच. आणि दोन्हींची अदलाबदल कधीच नाही, चुकीचं तेल गेलं की सील फुगतात आणि ब्रेक कचऱ्यात.

ब्लीड मी स्वयंपाकघरातच केलं कारण तिथे उजेड चांगला आहे. वर फनेल, खाली सिरिंज, आणि लिव्हरवर टिचक्या मारत बसायचं, एकेक बुडबुडा वर येताना बघायला साबुदाणा फुगताना बघण्यासारखी मजा येते. आईने ओट्यावर तेलाचा एक थेंब बघितला आणि पुढचा अर्धा तास काय झालं ते इथे नको. पॅड आणि रोटर, म्हणजे पॅड जिला चिमटतात ती ब्रेकची चकती, मात्र तेव्हा दुसऱ्या खोलीत ठेवायचे, पॅडवर एक थेंब पडला तर ते पॅड गेले असंच समजा. पॅड सिंटर्ड, म्हणजे धातूवाले, ओल्या चिखलात रेझिन पॅड भराभर झिजतात, आवाज करतात सिंटर्ड पण करू देत. रोटर दोन्हीकडे २०३ मिमी. भाऊ म्हणाला पुढे २२० लाव, मी म्हटलं आधी २०३ नीट बसवू. बसवणं म्हणजे बेड-इन, पॅड आणि रोटर एकमेकांना सरावणं, ते आमच्या सोसायटीबाहेरच्या उतारावर करतोय, बऱ्या वेगातून चालायच्या वेगापर्यंत वीसेक वेळा, मग थोड्या जास्त वेगातून दहा वेळा, चाक लॉक न करता. शेजारच्या काकूंना वाटतंय मला सायकल येत नाही.

टायर ही दुसरी जागा जिथे पैसे घालायचे. आपल्याकडे खाली काळा बसॉल्ट, वर सुटा मुरूम, मध्येच वाळलेलं गवत आणि त्याखाली काय ते देवाला माहीत. मी पुढे असेगाय घेतोय, डाउनहिल रेसर ग्रेग मिनारच्या मदतीने बनलेला, मागे मिनियन डीएचआर टू, पुढचा अडीच इंची, मागचा २.४ आणि दोन्ही डीएच केसिंगचे, म्हणजे जाड कवचाचे. एकेक टायर सव्वा किलोच्या आसपास, चढावर शिव्या बसतात, पण पातळ केसिंगचा टायर धारदार दगडावर रिमला चिमटून फाटतो. ट्यूबलेसच, बाभळीचे काटे आतलं सीलंट (भोक बुजवणारं लॅटेक्सचं दूध) गिळून टाकतं, फक्त मुंबईच्या उकाड्यात लॅटेक्स लवकर सुकतं, दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून बघा, आत साय धरली असेल तर नवीन ओता.

दाब पुढे २२, मागे २४. इथे एक गमतीचा हिशेब. भाऊ म्हणाला मनालीला उंचीमुळे टायर फुगेल, दाब आधीच कमी करून ने. बरोबर आहे, २,००० मीटरवर बाहेरची हवा विरळ असल्याने इथले २४ पीएसआय तिथे गेजवर २७ दिसतील. पण इथे ३२ अंश आणि तिथे सकाळी १२ असतील तर थंडीने अडीच पीएसआय परत उतरतात. म्हणजे पोचेपर्यंत पुन्हा साधारण तेवढेच. तरी गेज बॅगेत, अंगठ्याने दाबून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

चाकांबद्दल फार नाही. ३२ स्पोकची, अॅल्युमिनियम रिम, वाकड्या डोक्याचे साधे जे-बेंड स्पोक, कारण तुटला तर मिळतो. कार्बन रिम चिरते, अॅल्युमिनियमची वाकलेली कड पान्याने सरळ करून संध्याकाळी परत चालवता येते. पुढे एकोणतीसचं चाक लावून मुलेट करूया का हाही प्रस्ताव होता, २०१९ पासून सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआयनेही त्याला मोकळीक दिलीय वगैरे, पण माझ्या फोर्कमध्ये एकोणतीसचं बसतच नाही, विषय संपला.

गिअरवर मात्र भावाने तीन शनिवार खाल्ले. त्याला बारा स्पीड हवं. अरे उतारावर बारा गिअर काय करायचेत, चढावर तर आपण ढकलतच नेणार. सात स्पीडची डीएच कॅसेट, पुढे ३४ दात्यांची एकच नॅरो-वाइड (एक दाता बारीक, एक जाड) रिंग, खाली तिला दगडांपासून वाचवणारा बॅशगार्ड, वर चेनगाइड, बस. २०१५ ला ऑस्ट्रियात लिओगँगच्या वर्ल्ड कपला डाउनहिल रेसर एरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि तो बिनचेनचा खाली येऊन जिंकला, हे मी त्याला तिन्ही शनिवारी सांगितलं. तो म्हणतो तू ग्विन नाहीस. नाहीये, म्हणून तर वाचलेले पैसे ब्रेकमध्ये घातले.

पेडल फ्लॅट, पिनवाले, सोबत मऊ रबराच्या तळाचे बूट. क्लिपमध्ये पाय अडकवून मला घाबरायला होतं, आणि डाउनहिलवाला सॅम हिल फ्लॅटवरच वर्ल्ड चॅम्पियन झालाय. हँडलबार ८०० मिमीचा आला होता, वाद सुरू होणार इतक्यात लिफ्टने निकाल लावला. आमच्या जुन्या बिल्डिंगची जाळीची लिफ्ट, सायकल मागच्या चाकावर उभी करून आत ढकलली की बार दोन्हीकडे अडकतो. दोन्ही टोकांना १५-१५ मिमी कापून ७७० वर थोडा तिरका करून जातो. पाईप कटरने कापा, आणि आधी ग्रिप सरकवून दोन-चार राइड करून बघा, कापलेलं परत जोडता येत नाही.

हेल्मेट फुलफेस, आत एएसटीएम एफ१९५२ लिहिलेलं, ते डाउनहिलचं स्टँडर्ड आहे. सेकंडहँड सायकल चालेल, सेकंडहँड हेल्मेट नाही. गुडघ्याचे पॅड, पूर्ण बोटांचे ग्लव्ह्ज, गॉगल. आणि सराव म्हणून येऊरला जाणार असाल तर तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय ट्रेलवर घुसू नका, बिबट्याचं घर आहे ते.

प्रवासासाठी खोक्यात भरताना मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून चिंधीत गुंडाळून फ्रेमला बांधायचा, तो जिथे टांगतात तो एक जादा हँगर, टॉर्क रेंच, चेनची क्विक लिंक दोन, आणि चाकं काढली की पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा दुमडलेला तुकडा. हा तुकडा विसरलात आणि वाटेत कुणी लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येऊन बसतात आणि मनालीच्या थंडीत स्क्रू ड्रायव्हरने ते मागे ढकलत बसावं लागतं.

राहिला दसरा. आईला आधीच सांगून ठेवलंय, हार हँडलबारला, लिंबू टायरखाली चालेल, नारळ लांब फोड, आणि हळदकुंकू हेड ट्यूबवर लाव, कुठेही लाव, फक्त त्या चकचकीत गोल चकत्यांना बोट लावू नकोस. ती म्हणाली, म्हणजे नेमकं जिथे लावायचं तिथेच नको.